दादा, तुझं घर बघून आले

दादा,

रविवारी तुझं पुण्यानुमोदन झालं. आमच्या बिल्डिंगच्या मागे तो छोटा हॉल आहे ना, लग्नसराईत कधीच मिळत नाही तो, तो मिळाला. भंतेजी आले, वंदना झाली, कोपरीच्या चाळीतली जुनी माणसं डोंबिवलीपर्यंत आली. फोटो मात्र जुनाच लावावा लागला, बोटीवर नोकरी लागली तेव्हा स्टेशनजवळच्या स्टुडिओत काढलेला. त्यानंतर तू कुठल्याच फोटोत सरळ उभा नाहीस. मागे समुद्र, पुढे उघडून ठेवलेलं एखादं इंजिन आणि कडेला तू, अर्धा.

जेवताना एक जण म्हणाला, "इंडोनेशिया म्हणजे बालीच ना? मजा होती मग मधूची." मी भाताचं पातेलं घेऊन पुढे सरकले. त्याला काय सांगणार? बाली जिथे संपतं, त्याच्याही कितीतरी पुढे, विमान बदलून, फेरीबोट बदलून, ट्रकच्या फळीवर बसून, शेवटी गुडघाभर पाण्यात उतरून जिथे पोचतात तिथे तू मजा करत होतास, असं सांगू?

रविवारी सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. पण तू गेल्यासारखाच वागायला लागलास त्याला बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी लोकांकडे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत आले. आता माझ्याच्याने होत नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते आज पुरं करते. तुला मध्ये बोलता येणार नाही, हे पहिल्यांदाच होतंय.

सुरुवात कुठून करू? त्या बंद पडलेल्या बोटीपासूनच करते. तू जिच्यावर इंजिन बघायचास ती टग बोट कोळशाची बार्ज ओढत चाललेली, आणि त्या बेटाजवळ तिचं इंजिन बसलं. सुटा भाग येईपर्यंत तुम्ही तिथेच नांगर टाकून राहिलात. तेव्हा तुझा फोन आला होता, एका टेकडीवरून. वारा एवढा की तुझे अर्धे शब्द उडून जात होते. "नलू, इथे शेवग्याचा पाला खातात गं! रोज! आई करते तसाच, फक्त लसूण कमी." तू एवढा खूश शेवटचा कधी होतास ते आठवेना मला. मी आईला फोन दिला. आई म्हणाली, "लसूण जास्त घालायला सांग त्यांना." आपण तिघंही हसलो. तिथेच तू आमच्या हातातून सुटलास, पण ते कळायला आम्हाला वेळ लागला.

बोट दुरुस्त झाली, पुढे गेली. तू सुट्टी मिळाली की तिकडे जायला लागलास. मग नोकरीच सोडलीस. गावातल्या मच्छीमारांच्या लांब दांड्याच्या इंजिनांची कामं करायचास. माणसं तुला ओम मादू म्हणायची, ओम म्हणजे काका. मादू म्हणजे त्यांच्या भाषेतही मधच, हे तू मला किती कौतुकाने सांगितलेलंस. "बघ, नावसुद्धा बदलावं लागलं नाही." अरे, नाव नाही बदललंस रे. बाकी सगळं बदललंस.

मग कोपरीच्या खोल्यांचं निघालं. बाबा जाऊन वर्ष झालेलं. चाळ पाडून टॉवर होणार होता. बिल्डरचा माणूस घरोघरी फिरत होता, नवीन फ्लॅट घ्या नाहीतर पैसे घेऊन मोकळे व्हा. चाळीतल्या सगळ्यांनी फ्लॅट घेतला. आपण सोडून. तू खास त्यासाठी आलेलास. आईच्या कॉटवर बसून मोबाईलवर फोटो दाखवत होतास. "हे बघ आई, ही जागा. पुढे पाणी, मागे चिंचेची झाडं. तुला एक खोली. खिडकीतून समुद्र. तू नुसती बसून राहा."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "जागा कुणाच्या नावावर होणार?"

"पेत्रुसच्या. शाळेत मास्तर आहे. बाहेरच्या माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही."

"म्हणजे आपलं घर विकून दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधायचं?"

"तो मला भावासारखा आहे, नलू."

"भावासारखा म्हणजे कसा? तुझ्यासारखा?"

तू चिडलास. चप्पल घालून स्टेशनपर्यंत जाऊन आलास. परत आलास तेव्हा आई म्हणाली, "मधू म्हणतो तसं करू. त्याचं आयुष्य पाण्यावर गेलं, त्याला जमिनीवर घर होऊ दे." आणि सही केली. मग मीही केली. आई सही करते म्हटल्यावर मी काय करणार होते? बाबांनी त्या दोन खोल्यांसाठी जन्मभर ओव्हरटाइम केलेला, हे सही करताना आईच्या लक्षात असणारच. पण तिने कधी बोलून दाखवलं नाही. तेवढं माझ्यावर सोपवलं.

आम्ही डोंबिवलीला भाड्याने आलो. पहिली दोन वर्षं आई सामान पुरतं सोडायलाच तयार नव्हती. "मधूचं छप्पर पडलं की जायचंच आहे." पितळेचे डबे खोक्यातच. शेजारच्या बायकांना सांगायची, माझा मुलगा बेटावर घर बांधतोय. बायका माझ्याकडे बघायच्या. मी पोळ्या लाटत राहायचे. छप्पर झालं, मग म्हणालास पाण्याची टाकी होऊ दे. टाकी झाली, मग बाथरूम होऊ दे, आईला खाली बसता येत नाही, कमोड बोटीने मागवलाय. मग फरशा. मग पुढचं वर्ष. तुझ्याकडे कायम एक पुढचं वर्ष शिल्लक असायचं. आईकडे नव्हतं.

एक मान्य करते, नाहीतर तू म्हणशील नलू एकतर्फी बोलते. बारावीनंतर बाबांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं, तेव्हा वागळे इस्टेटच्या त्या डिझेल वर्कशॉपमध्ये तू उमेदवारी करत होतास. काळे हात तसेच घेऊन घरी आलास आणि बाबांसमोर उभा राहिलास. "ती शिकेल. तिच्या फीचं मी बघतो." बाबांसमोर असं बोललेलं आपल्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मी आज कंपनीत क्वालिटीची सुपरवायझर आहे, स्वतःच्या पायावर आहे, ती त्या एका वाक्यामुळे. म्हणून तर राग इतका आहे. परका माणूस असा वागला असता तर मी विसरूनही गेले असते.

आई गेली तेव्हा तुला कळवायला तो टेकडीवरचा सिग्नलच मिळेना. मिळाला तेव्हा तू म्हणालास, पश्चिमेचा वारा सुटलाय, बोटी बंद आहेत, निघालो की कळवतो. मी फोन ठेवला. अग्नी मी दिला. चाळीतले शेजारी म्हणाले, मुलगी असली म्हणून काय झालं, दे तू. त्यांना काय माहीत, मी मुलगी आहे म्हणून नाही, तू नाहीस म्हणून रडत होते.

तू आलास ते सगळं उरकल्यावर. दाढी वाढलेली, काळाठिक्कर पडलेलास, पायात रबरी चप्पल. आईच्या कॉटवर बसलास आणि म्हणालास, "खोली तयार होती गं. फक्त कडी लावायची राहिलेली."

मी म्हटलं, "कडी आता कशाला लावतोस?"

मग जे झालं ते शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं. तू म्हणालास, इथे तरी तुझ्या नावावर काय आहे. मी म्हटलं, होतं, तू विकलंस. तू म्हणालास, एकदा येऊन बघ, मग बोल. मी म्हटलं, त्या घरात मी पाय ठेवणार नाही. जाताना दारात थांबलास. मला वाटलं काही बोलशील. तू विचारलंस, "पासपोर्टची मुदत आहे ना अजून?" पासपोर्टही तूच जबरदस्तीने काढायला लावलेलास. मी दार लावून घेतलं.

त्यानंतर सणावारी फोन, तेवढंच. तुझ्या मागे कधी एखादी बाई काही बोलायची, भांडी वाजायची. "कोण रे?" विचारलं की म्हणायचास, "मार्था. घर सांभाळते." मी पुढे विचारलं नाही. घर सांभाळणारी बाई तुला परवडते आणि आईला पुढच्या वर्षावर ढकललंस, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

पेत्रुसचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. मशीन चालू, ऐकू येईना, पॅसेजमध्ये गेले. तो इंग्रजीत एकेक शब्द ठेवत बोलत होता. ताप होता, बरेच दिवस. गावातल्या दवाखान्यात गोळ्या होत्या तेवढ्या दिल्या. मोठ्या गावच्या हॉस्पिटलला न्यायचं ठरलं, पण लाटा होत्या, बोट सुटेना. सुटली तेव्हा उशीर झाला. वाटेत, पाण्यावरच. ज्या लाटांनी तुला आईपर्यंत येऊ दिलं नाही, त्यांनीच तुला डॉक्टरपर्यंत जाऊ दिलं नाही. हे मनात आलं आणि मला हसू फुटलं, दादा. खरंच. पॅसेजमधल्या पोरी घाबरल्या.

मी पेत्रुसला म्हटलं, काही करू नका. मी येते. आमच्यात दहन करतात. तो "येस, येस" म्हणाला.

आणि मग मी आले. ज्या घरात पाय ठेवणार नाही म्हटलं होतं, तिथे. तुझा तो पासपोर्ट घेऊन. याआधी मी विमानात एकदाच बसलेले, नागपूरला दीक्षाभूमीला जाताना. जकार्ताच्या विमानतळावर शिक्का मारणाऱ्या माणसाने कशासाठी आलात विचारलं. "ब्रदर," म्हटलं. त्याला वाटलं भावाला भेटायला आले. हसून म्हणाला, एन्जॉय. पुढे दुसऱ्या विमानाने कुपांग. तिथून फेरीबोट, त्यात माणसं, कोंबड्या, सिमेंटची पोती, मोटारसायकली, सगळं एकाच मजल्यावर. एका बाईने न विचारता स्वतःच्या चटईचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला. पाठ टेकली आणि मनात आलं, तुझ्या घराची एकेक फरशी अशीच आली असणार. माणूस एवढ्या लांब, एवढा त्रास काढून घर बांधतो, आणि आईला न्यायचं तेवढं राहतं. हे गणित मला त्या बोटीवरही सुटलं नाही.

शेवटच्या छोट्या होडीतून उतरले तेव्हा किनाऱ्यावर बायका उभ्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि एकदम मोठ्याने गळे काढले. मला वाटलं काहीतरी चुकलं. मग कळलं, तिथे पाहुण्याला असंच घेऊन जातात, रडत रडत, घरापर्यंत. एकीने माझ्या खांद्यावर हाताने विणलेलं जाड कापड टाकलं. प्रत्येक जण हात हातात घेऊन एकच म्हणत होता, "दुका चिता, दुका चिता." मी पेत्रुसकडे बघितलं. तो अर्थ सांगणार तेवढ्यात मीच म्हटलं, "राहू दे. कळलं." दुःख आणि चित्त. एवढ्या लांब येऊन हेच दोन शब्द भेटायचे होते.

घरासमोर, अंगणातच, ओल्या सिमेंटचा चौथरा होता. वर लाकडी क्रॉस.

मी पेत्रुसवर ओरडले. सगळ्या गावासमोर. मराठीत, हिंदीत, येईल त्या इंग्रजीत. मी सांगितलं होतं थांबा! तो मान खाली घालून उभा राहिला. मासळीचा बर्फ लावून थांबलो, म्हणाला, जेवढं थांबता येईल तेवढं. काल संपला बर्फ. ओरडून झाल्यावर मला पुढे काय करायचं ते कळेना. तेव्हा घरातून एक बुटकी बाई आली, विडा खाऊन ओठ लाल, डोळे कोरडे. तिने माझा हात धरला, चौथऱ्याजवळ नेलं आणि क्रॉसकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. पेत्रुस म्हणाला, "मार्था विचारते, हा ठेवायचा का? ती म्हणते, तो चर्चमध्ये फक्त जनरेटर दुरुस्त करायला यायचा." मी नाही म्हटलं. तिने स्वतः तो क्रॉस हलवून उपटला, पुसला आणि पेत्रुसच्या हातात दिला.

मग तिने मला घर दाखवलं. दोन खोल्या, पत्रा, मक्याची कणसं टांगलेली, तुझी हत्यारं ओळीने लावलेली. आणि कोपऱ्यातली ती खोली. आईची.

मला वाटायचं तू थापा मारायचास. खोली होती. कॉट होती. खिडकीतून समुद्र होता, तू म्हणाला होतास तसाच. बाथरूमला निळ्या फरशा, कमोड, आणि धरून उठायला भिंतीत स्टीलचा दांडा. मी कमोडवर बसून हात वर केला. दांडा माझ्याच हाताला जेमतेम लागत होता. आई शेवटी माझ्या खांद्याच्याही खाली आलेली, दादा. वाकलेली. तिचा हात तिथे कधीच पोचला नसता. तू दांडा लावलास तो कोपरीच्या आईसाठी, दोन्ही हातात पाण्याच्या कळश्या घेऊन नळावरून येणाऱ्या बाईसाठी. म्हातारी झालेली आई तू बघितलीच नाहीस, तर तुला तिची उंची कुठून कळणार? त्या निळ्या बाथरूममध्ये बसून मी रडले. तुझ्यासाठी की आईसाठी, ते विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली बैठक बसली. गावचा मुखिया, पेत्रुस, आणि पेत्रुसचे काका, त्यांच्या कुळातला सगळ्यात मोठा माणूस. मधे सुपारीचं तबक. मी तयारीने बसले होते. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, तुला बाहेर काढून दहन करायचं आणि राख घेऊन जायची. दोन, माझ्या आईच्या घराच्या बदल्यात हे घर उभं राहिलंय, त्याचं काय, ते सांगा.

काका शांतपणे बोलले, पेत्रुसने सांगितलं. जमीन कुळाची आहे. कागदावर पेत्रुसचं नाव असलं तरी कुळाचीच. विकता येत नाही, कुणालाच. मादूला राहायला दिली होती. आता बहीण आली आहे. बहिणीला माणूस न्यायचा असेल तर न्यावा, तिचा हक्क आहे. पण माणूस गेला की घर रिकामं झालं. मग ते कुळाकडे येईल.

"आणि ही?" मी मार्थाकडे बघून विचारलं.

"मार्था दुसऱ्या बेटाची आहे. आमच्या कुळाची नाही. ती परत जाईल."

"कुणाकडे?"

पेत्रुसने हे भाषांतर केलंच नाही. बहुतेक उत्तर त्याला माहीत होतं.

मग काका माझ्याकडे वळले. "तुम्ही घरच्या आहात. तुम्हीच सांगा. तुमच्या भावाची ही कोण?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दादा, हा प्रश्न तुला विचारायचा होता. जिवंतपणी, डोंबिवलीत, आईसमोर, त्या चिंचेखाली, कुठेही. तू तो टाळत राहिलास आणि शेवटी माझ्यावर टाकून गेलास. मला काय माहीत ही कोण? घर सांभाळते, म्हणाला होतास.

मी म्हटलं, "मला तिच्याशी बोलू दे."

ती आणि मी चौथऱ्यापाशी गेलो. पेत्रुस मधे. मी विचारलं, "त्याने तुझ्याशी लग्न केलं होतं?"

मार्था हसली. तसं हसणं मी आरशात पाहिलंय. मग ती बोलायला लागली, आणि पेत्रुसला तिच्या मागे धावावं लागलं. "तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. आधी बहिणीला बोलावतो, तिच्यासमोर करू. ती रागावली आहे, राग उतरला की येईल. दर वर्षी पुढच्या वर्षी. मी त्याचं अन्न शिजवलं, त्याच्या तापात बसले, तुझ्या आईच्या खोलीतली धूळ रोज पुसली. कोण येणार होतं त्या खोलीत? मला त्या कॉटवर कधी झोपू दिलं नाही. म्हणायचा, ती आईची. माझी कुठली?" मग ती तुझ्याकडे वळली. म्हणजे त्या सिमेंटकडे. आणि तुला शिव्या द्यायला लागली. पेत्रुस थांबला, लाजला. मला भाषांतर नकोच होतं. मीही सुरू झाले. ती तिच्या भाषेत, मी आपल्या. चिंचेखालची माणसं उठून उभी राहिली. आम्ही दोघी थांबलो नाही. एवढ्या वर्षांत तुझ्यावर माझ्याइतकं चिडलेलं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

थकल्यावर ती चौथऱ्याच्या कडेला बसली. म्हणाली, "ने त्याला. तुझा भाऊ आहे. मी अडवणार नाही."

तिने अडवलं असतं तर मी नेला असता तुला. जिद्दीने नेला असता.

मी परत चिंचेखाली गेले. काकांना म्हटलं, "ही माझी वहिनी." पेत्रुस अडला, हा शब्द त्याच्याकडे नव्हता. मग मला आठवलं, फेरीबोटीतली ती चटईवाली बाई आधी नवऱ्याकडे, मग स्वतःकडे बोट दाखवून काय म्हणाली होती. मी म्हटलं, "मादूची इस्त्री." आपल्याकडे कपड्यांची असते, तिथे बायको. सगळ्यांना कळलं. मी पुढे बोलले आणि पेत्रुसने सांगितलं. माझा भाऊ इथेच राहील. ही त्याची बायको, हे घर तिचं, ती असेपर्यंत कुणी तिला उठवायचं नाही. आईची खोलीसुद्धा तिची. हे मी त्याची बहीण म्हणून सांगते. आमच्यात आता दुसरं कुणी नाही.

काकांनी बराच वेळ सुपारी चघळली. मग तबक मार्थापुढे सरकवलं. तेवढ्याने निकाल झाला.

निघायच्या आधी मी पेत्रुसकडून तो दांडा खाली घेऊन बसवला. मार्था आईएवढीच बुटकी आहे.

हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. पुण्यानुमोदनाला बायका म्हणाल्या, नलूने भावाचं घर राखलं. मी भावाचं काही राखलं नाही. तू आम्हा दोघींना, मला आणि मार्थाला, एकाच पुढच्या वर्षावर बसवून ठेवलंस, आणि आई धरली तर तिघींना. त्यातली एक अजून उघड्यावर पडणार होती, ते मला बघवलं नाही. एवढंच. मी आल्यावर आमच्या घरमालकाने फ्लॅट विकायला काढलाय. परवा माजिवड्याला एक खोली बघितली. एजंट म्हणाला, "ताई, स्वतःचं घर आहे ना कुठेतरी? मग एवढ्यापुरतं चालेल." मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खोलीचा नळ सोडून पाणी येतं का ते बघितलं.

घरी येऊन सवयीने फोन हातात घेतला, तुला सुनवायला. कुणाला सुनवू आता? लोक म्हणतात, भाऊ गेला की माहेर जातं. माझं तर भांडणही गेलं.

काल संध्याकाळी पेत्रुसचा फोन आला, टेकडीवरून. वारा तसाच. चौथऱ्याला फरशा लावून झाल्या, आता पाटी करायची आहे, गवंडी विचारतोय काय लिहायचं. मार्था म्हणते तुमच्या अक्षरांत लिहा, बघून बघून तो कोरेल. मी तुझं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याचा फोटो पाठवला. मधुकर. खाली, कोपरी, ठाणे. तिकडच्या जमिनीवर तुझं नाव लागायचं ते असं.

पेत्रुस म्हणाला, "इथे नावाच्या वर 'प्रिय' लिहितात. तुमच्या भाषेत तो शब्द पाठवता?"

मी म्हटलं, नको.

नुसता वारा ऐकू येत होता. मग मीच म्हटलं, "गवंड्याला सांग, नाव जरा खाली कोर. वर एका ओळीची जागा मोकळी सोड. माझा राग उतरला की कळवते."